गच्चीचे तीन वाटे

आमचा मुलगा पनवेलला राहतो, आणि तिथं बसून त्याला काळजी लागली की आमच्या गच्चीवरचं ऊन फुकट जातंय. इतकी वर्षं ते ऊन तिथंच होतं. तेव्हा त्याला काही वाटलं नाही. आता वाटायला लागलं.

फोनवर म्हणाला, "बाबा, सोलर बसवू. त्या वादळात लाईट गेली तेव्हा किती हाल झाले तुमचे. एकदा पॅनल बसली की पंखे, फ्रीज, पंप, सगळं चालेल. वरच्या खोलीला ए.सी. लावू. पर्यटक येतील, खोली भाड्यानं जाईल."

मी म्हणालो, "ते पर्यटक माझ्याशी बोलायला येणार काय?"

"बोलायला कशाला? समुद्र बघायला येतील."

"मग त्यांना समुद्राजवळच झोपू दे की."

त्यानं ते कानाआड केलं. आईवर गेलाय. म्हणाला, "तुम्ही फक्त गच्ची मोजून ठेवा. लांबी आणि रुंदी. कंपनीचा माणूस नंतर येऊन नीट मोजेल, पण मला आधी अंदाज पाहिजे. सगळी गच्ची पॅनलांनी भरून टाकू."

सगळी गच्ची म्हणाला तिथंच माझं बिनसलं. पण तेव्हा बोललो नाही. का बोललो नाही ते पुढं येईल.

शाळा मी चौथीत सोडली. खरं सांगायचं तर शाळेनं मला तिसरीतच सोडलं होतं, मी वर्षभर उगाच जात होतो. तेव्हा लांबी-रुंदी असलं काही मला विचारू नये. मला वाव येतो. दोन्ही हात पसरायचे आणि या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत दोर धरायचा, तो एक वाव. होडीवर जन्म गेला, दोर, जाळं, पाण्याची खोली, सगळं याच मापानं मोजलं. ह्या मापात एक गंमत आहे. दोर विकत घेताना छाती पुढं काढून हात ताणायचे, विकताना जरा पोक काढायचं. आमच्या बायकोनं तर त्याच्याही पुढची सोय केली होती. दोर घ्यायचा असला की ती मला पुढं करायची, कारण माझे हात वल्ह्यासारखे. आणि विकायचा असला की स्वतः उभी राहायची. ती माझ्या काखेखालून पदर न लागता जायची एवढी बुटकी. गिऱ्हाईक बघत राहायचं, आणि ही आपली वाव, वाव, वाव करत दोर टाकत जायची. कोणी कुरकुर केली तर म्हणायची, "देवानं हात दिलेत तेवढेच हायत, तोडून देऊ काय?"

तर मी दोर घेऊन गच्चीवर गेलो आणि छाती पुढं काढली. जितके हात ताणता येतील तितके ताणले. वाव मोठा झाला की गच्ची लहान होते, एवढा हिशेब शाळेशिवाय येतो.

आणि एवढं करूनही मी सगळी गच्ची मोजलीच नाही. मधला तुकडा मोजला आणि मुलाला सांगितला.

तो म्हणाला, "बाबा, एवढी तर आपली मोरी हाय."

"मोरी मोठी बांधून घेतली तुझ्या आईनं."

"बाबा, नीट मोजली का?"

"माझी जेवढी हाय तेवढी मोजली."

हे मी खोटं सांगितलं नव्हतं. बाकीची गच्ची माझी नाहीच. ते आता सांगतो.

वादळ आलं त्या वर्षी किनाऱ्यावरच्या वलांड्या गेल्या. वलांड्या म्हणजे बोंबील टांगायचे बांबूचे मांडव. बांबू कुठल्या कुठं उडाले, वाळूत कचरा आणि काचा. मासळी सुकवायची कुठं? आमचं घर स्लॅबचं, गच्ची धड राहिली. शेजारच्या घरात दोघी जावा आहेत, एक थोरली, एक धाकटी. आमच्या बायकोनं त्यांना हाक मारली आणि म्हणाली, या वर, माझ्या गच्चीवर घाला. समुद्राच्या बाजूचा भाग थोरलीला दिला, रस्त्याच्या बाजूचा धाकटीला, आणि मधला आपल्याकडं ठेवला. कुठं रेघ मारली नाही. वाळूवर तरी कुठं रेघ असते? कोणाचं मासळीचं खळं कुठं संपतं ते बायकांना पायाला कळतं.

मधला भाग तिनं मुद्दाम स्वतःला ठेवला, कारण त्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी म्हणतं टोपलीवरून झालं, कोणी म्हणतं हळदीत ओटी भरायची राहिली. त्यांचे नवरे एका होडीवर जातात, पोरं एका ताटात जेवतात, चूल मात्र वेगळी आणि तोंडं बंद. मग आमच्या बायकोनं मधे बसायचं. थोरली म्हणायची, "वयनी, तिला सांगा, तिचा जवळा वाऱ्यानं माझ्या मांदेलीत आलाय." दोघींत अंतर एका वाट्याचं. धाकटीला सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी आमच्या बायकोनं मान वळवून सांगितल्याशिवाय धाकटी ऐकलं असं धरायची नाही. मग तिकडचं उत्तर इकडं. सकाळभर हे चालायचं. मी खाली ओट्यावर जाळं विणत बसायचो आणि माझ्या डोक्यावर स्लॅबवर हे असं नाटक. आमच्या बायकोचं हसणं मधेच फुटायचं. तिला हसू दाबता यायचं नाही, आधी खोकल्यासारखं यायचं आणि मग सुटायचं.

ती गेली. दवाखान्यात चालत गेली होती, परत आणावी लागली. एवढंच लिहितो.

नंतर घरात सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले. मी तापानं पडलोय असं वाटावं इतकं हळू. मुलगा हळू, सून हळू, दुकानदारसुद्धा साखर देताना हळू. मला वाटायचं की आपणच बहिरे झालो. कार्य उरकलं, मंडळी आपापल्या गावी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. दोघी जावा टोपल्या घेऊन वर चालल्या होत्या. वर गेल्या आणि काही आवाजच नाही. बराच वेळ नाही. मला कळेना. मी जिन्यानं वर जाऊन बघतो तर दोघी आपापल्या वाट्यात जवळा पसरून उभ्या, तोंडं विरुद्ध दिशेला, आणि मधली जागा मोकळी. बोलायचं होतं, पण कोणामार्फत बोलणार?

थोरलीनं मला बघितलं. जरा घोटाळली. मग म्हणाली, "भाऊजी, तिला सांगा, तिच्या टोपलीतनं पाणी गळतंय, माझ्याकडं येतंय."

किती दिवसांनी कोणी माझ्याशी मोठ्यानं बोललं! मी धाकटीकडं वळलो आणि म्हणालो, "तुझी टोपली गळते म्हणते."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, त्यांना सांगा, उतार त्यांच्याकडं हाय, मी काय करू?" भांडणातही धाकटी जावेला अहो-जाहो सोडत नाही, हे लक्षात घ्या.

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडं आलं. मासळी असली की मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो आणि इकडचं तिकडं करतो. मला बायकोसारखं इमानदारीनं सांगता येत नाही. मी मधे थोडं पदरचं घालतो. थोरली म्हणते, "तिला सांगा, झाडू मारत जा." मी धाकटीला सांगतो, "ती म्हणते, तुझा जवळा झकास सुकलाय." धाकटी म्हणते, "त्यांना सांगा, डोळे फुटले काय, ओला हाय अजून." थोरली भडकते, "मी असं कुठं म्हटलं?" आणि मग तासभर बघायला नको. जेवणाला चव येते.

आता सांगा, हे मुलाला कसं सांगायचं? म्हातारा विधुर माणूस फोनवर मुलाला म्हणणार की माझ्या गच्चीवर शेजारच्या बायका याव्यात असं मला वाटतं? सून ऐकत असते फोन.

तर मोरीएवढी गच्ची ऐकून मुलानं कंपनीच्या माणसाला लवकर पाठवलं. मी माणसाची वाट बघत ओट्यावर बसलो होतो. एक मुलगी स्कूटीवरनं आली, हेल्मेट काढलं, पाठीची पिशवी उतरवली.

मी म्हणालो, "माणूस येणार होता."

"मीच माणूस," ती म्हणाली. "गच्ची कुठून?"

पोरगी अलिबागकडची, बोलायला चटपटीत. वर गेली, सुक्या मासळीच्या वासानं नाक मुरडेल अशी माझी आशा होती. हिनं वाकून जवळा हातात घेतला आणि म्हणाली, "छान सुकलाय." माझा पहिला डाव तिथंच फसला.

दोघी जावा आपापल्या वाट्यात मासळी परतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले.

पोरीनं पिशवीतनं एक लहान यंत्र काढलं, चिलमीएवढं. ते कठड्याला टेकवून समोरच्या कठड्यावर धरायचं. तांबडा ठिपका पडतो आणि अंतर आपोआप येतं. उन्हात ठिपका नीट दिसेना म्हणून ती टाकीच्या सावलीतनं मोजायला लागली. ठिपका कठड्यावर नाचला. आमच्या आळीत एक बोका आहे, धंदेवाईक चोर. तो टाकीखाली डोळे मिटून पडला होता. त्यानं ठिपका बघितला आणि उडी मारली. ठिपका हलला. बोका त्याच्यामागनं थोरलीच्या मांदेलीतनं गेला, वळला, धाकटीच्या जवळ्यातनं गेला, परत आला. थोरलीनं चप्पल फेकली, ती टाकीला लागली. धाकटीनं टोपली फेकली, ती पोरीच्या पायाशी आली. पोरीला यंत्र बंद करायचं सुचेना, ती हसत होती आणि तिचा हात हसत होता आणि ठिपका सगळ्या गच्चीभर.

बोका गेल्यावर थोरली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भाऊजी, तिला सांगा, तिच्या बोक्याला बांधून ठेव!"

"भाऊजी, त्यांना सांगा, बोका त्यांच्याकडं जेवतो!"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "ह्या दोघींना एकमेकींचं ऐकू येत नाही का?"

"येतं," मी म्हणालो. "मान्य नाही."

मग तिनं यंत्र पिशवीत टाकलं आणि टेप काढला. म्हणाली, "काका, हे टोक कठड्याला धरा." हे म्हणजे बोक्याच्या हातात मासळीची टोपली दिल्यासारखं झालं. ती टेप ओढत पलीकडं गेली. मी टोक कठड्यापासून वीतभर अलीकडं घेतलं. तिनं आकडा बघितला, फोनमध्ये घातला. मग तीच बाजू परत मोजली. मी हातभर अलीकडं आलो. तिनं परत आकडा बघितला, कपाळावर आठी आली, आणि तिसऱ्यांदा मोजायला लागली. आता मी मोठ्या हिमतीनं पाऊलभर आत सरकलो होतो.

"काका, तुम्ही टोक हलवताय."

"हात थरथरतो माझा. वय झालं."

"थरथरला तर इकडं-तिकडं होईल," ती म्हणाली. "हा तर चालत आलाय."

थोरली तोंडाला पदर लावून हसली. धाकटीही हसली, पण तिकडं तोंड करून.

टेपचं टोक तिनं शेवटी कठड्याजवळच्या वाळूच्या पिशवीखाली दाबलं आणि मला सुट्टी दिली. मग म्हणाली, "आता सावल्या सांगा. कुठं कुठं सावली पडते? सावलीत पॅनल चालत नाही."

मी लगेच पुढं झालो. "सावल्या खूप हायत. इथं माडाची येते."

"माड उत्तरेला आहे, काका. त्याची सावली इकडं कशी येईल?"

"वाऱ्यानं वाकतो ना."

"बरं. अजून?"

"तिथं टाकीची. इथं त्या घराच्या पत्र्याची. तिथं..." मला सुचेना. "तिथं दुपारी कावळे बसतात."

तिनं कावळे लिहून घेतले नाहीत.

तोवर जावांना वास लागला होता की आज गच्चीचा काहीतरी निकाल लागतोय. थोरली म्हणाली, "भाऊजी, पोरीला सांगा, समुद्राच्या बाजूला खारा वारा लई. तिकडं कायपण टिकत न्हाय. रस्त्याच्या बाजूला बसवा म्हणावं."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, सांगा, रस्त्याची धूळ येते इकडं. समुद्राकडनं बरं."

मी पोरीला म्हणालो, "दोघींचं म्हणणं, बसवूच नका."

"असं कुठं म्हटलं?" दोघी एकदम.

पोरगी कठड्याला टेकली. तिनं फोनवर काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, "काका, तुमच्या मुलानं सगळी गच्ची सांगितलीय. सगळी घेतली तर ए.सी. चालेल, सगळं चालेल. पण मग इथं काही वाळत घालता येणार नाही." मग तिची नजर मधल्या जागेवर गेली. "आणि हे काय? एवढी गर्दी, जवळा एकमेकांवर चढलाय, आणि ही मधली जागा रिकामी का? इथं तर टाकीची सावलीपण येत नाही. सगळ्यात छान ऊन इथं आहे."

मधल्या जागेत एक रंगाचा डबा आहे. त्यात सिमेंट ओतून काठी उभी केलेली आणि काठीला काळ्या पिशवीची चिंधी, कावळ्यांसाठी. ती आमच्या बायकोनं केली. ती गेल्यापासून त्या जागेत कोणी एक मासळी टाकलेली नाही. दोघी जावा तिथं पाय ठेवत नाहीत. वळसा घालून जातात. चिंधी फडफडते आणि राखायला खाली काही नाही.

थोरली म्हणाली, "भाऊजी, पोरीला सांगा, ती जागा रिकामी न्हाय."

"व्हय," धाकटी म्हणाली. "सांगा तिला."

दोघींचं एका गोष्टीवर जमलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

पोरीनं विचारलं, "मग कोणाची आहे?"

"माझ्या बायकोची."

"त्या कधी येतात? त्यांना विचारून घेऊ."

चिंधी तेवढी वाजत होती. पोरगी हुशार, तिला कळलं. तिनं टेप हळूहळू गुंडाळला, उगाचच फार नीट गुंडाळला.

मग ती मला म्हणाली, आणि हळू नाही म्हणाली, हे मला आवडलं, "काका, माझं काम मोजायचं. काय लिहू ते तुम्ही सांगा. सगळी गच्ची लिहिली तर ए.सी. चालेल. एका बाजूची लिहिली तर टाकीची सावली येते, ते मी लिहिणार नाही. फक्त मधली लिहिली तर दिवे, पंखे, फ्रीज, पंप एवढं होईल. ए.सी. नाही."

टाकीची सावली येते म्हणाली तरी थोरली पुढं झाली. "भाऊजी, सांगा तिला, माझा वाटा घ्या. मी खाली वाळूत घालीन. वयनीची जागा नको."

धाकटी म्हणाली, "भाऊजी, त्यांना सांगा, त्यांचं गुडघं दुखतं, वाळूत कुठं बसतील? माझा घ्या."

"तिला सांगा, माझ्या गुडघ्याची उठाठेव नको!"

"मग कोणी करायची?"

मगाशी आपला वाटा वाचवायला भांडत होत्या, आता द्यायला भांडायला लागल्या. मी मधे उभा. मला एकच कळत होतं. थोरली वाळूत गेली तर धाकटी एकटी वर येणार नाही. जिच्याशी अबोला धरायचा तीच नसली तर अबोला धरायचा कोणाशी? आणि धाकटी गेली तर थोरली येणार नाही. मग वर ऊन राहील, पॅनल राहील, आणि खाली मी आणि माझ्याशी हळू बोलणारं गाव.

मी म्हणालो, "मधला लिही."

थोरली गर्रकन वळली. "भाऊजी! वयनीची जागा!"

"तिची हाय म्हणूनच देतो," मी म्हणालो. "तुमची द्यायला मी कोण?"

थोरलीनं पदरानं नाक पुसलं आणि जोरजोरात मांदेली परतायला लागली. परतून झालेलीच परत परतत होती. पोरीनं लिहिलं.

तिच्यादेखतच मी मुलाला फोन लावला. म्हटलं, बोलून टाकावं, नाहीतर रात्री हिंमत जाईल. म्हणालो, "मधल्या तुकड्यात बसवायचं ठरलंय. ए.सी. होणार न्हाय."

"असं कसं? बाबा, सगळी गच्ची मोकळी हाय ना?"

"मोकळी न्हाय. शेजारच्या दोघी सुकवतात."

"त्यांना दुसरीकडं जागा बघू की. खाली त्यांच्या अंगणात घालतील."

"अंगणात घातलं तर मला ऐकू येत न्हाय."

"काय ऐकू येत न्हाय?"

आता काय लपवायचं? समोर पोरगी, मागं दोघी जावा, तिकडं सून. मी म्हणालो, "हे बघ, मला ए.सी. नको. मला थंडच वाटतं हल्ली. मला वर भांडण पाहिजे. तुझ्या आईच्या वेळेला होतं तसंच. सकाळी माझ्या डोक्यावर दोन बायका भांडायला पाहिजेत, न्हायतर मी उठून करू काय?"

मग तो म्हणाला, "आई फोनवर बोलायची तेव्हा मागं तेच ऐकू यायचं. तिला सांगा, त्यांना सांगा."

"तेच ते."

"अजून चालू हाय?"

"मी चालवतो."

तो हसला. पण आईचं हसू आलं ते. आधी खोकल्यासारखं, मग सुटलेलं. मी फोन कानापासून जरा लांब धरला. मग तो म्हणाला, "बरं. मधला तर मधला."

"आणि तुझे पर्यटक?"

"झोपू दे समुद्राजवळ."

पोरगी जाताना थोरलीनं तिला कागदात बांधून जवळा दिला. धाकटीनं बघितलं आणि तिनंही दिला, जरा जास्त. पोरगी जिन्यात मला म्हणाली, "काका, पॅनल पंधरा-वीस दिवसांनी साध्या पाण्यानं धुवायला लागतात. खारं बसतं, कावळे घाण करतात. सकाळी ऊन तापायच्या आत. जमेल ना? हात थरथरतो म्हणून विचारलं."

"त्या हाताला जमेल," मी म्हणालो.

पॅनल बसली. काठीचा डबा मी स्वतः उचलून जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पॅनलला लोखंडी पाय, वर तिरकी काळी फळी, पाठीकडनं पुरुषभर उंच. चालू केलं तेव्हा खाली पंखा फिरला. मी त्याच्याकडं बघून घेतलं, बरा फिरत होता.

पण वरनं आवाज येईना. दोघी येत होत्या, आपापल्या बाजूला घालत होत्या, जात होत्या. मधे ही काळी भिंत. एकीला दुसरीची टोपली दिसत नाही, पाणी कुठून गळतंय ते दिसत नाही, मग भांडायचं कशावरून? मी पायरीवर बसून राहायचो. थोरली विचारायची, "भाऊजी, चहा झाला?" एवढंच. हळू. मी मनात म्हणालो, आपण शहाणपणा केला आणि आपल्याच हातानं भांडण बुजवून टाकलं.

मग बोंबलाचे दिवस आले. बोंबील पसरायचा नसतो, टांगायचा. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि दोरावर घालायची. थोरलीनं पॅनलच्या लोखंडी पायाला दोर बांधला आणि आपल्या कठड्यापर्यंत नेला. धाकटीनं पलीकडनं त्याच पायांना बांधून आपल्या कठड्यापर्यंत. दोन्हीकडं बोंबलांच्या झालरी. वलांड्याच झाल्या. मधे आमच्या बायकोची जागा, आणि दोघींच्या गाठी तिच्याच खांबांना.

त्या सकाळी पॅनल धुवायची पाळी होती. मी पाईप घेऊन वर गेलो. काठीच्या डब्याला वळसा घालून मधल्या जागेत उभा राहिलो. ती गेल्यापासून मीही तिथं उभा राहिलो नव्हतो. थोरली या बाजूला वाकलेली, धाकटी त्या बाजूला, दोघी गप्प. मी पाणी सोडलं. काळ्या फळीवरनं पाणी सरसर गेलं. फळी चकाचक झाली. मग माझा हात थरथरला.

आधी थोरलीवर गेलं, मग वरनं उडून पलीकडं धाकटीवर. बोंबलांना नाही लागू दिलं, मासळीचा अपमान मी करत नाही.

थोरली किंचाळली, "गो बाय! बघितलंस काय केलं ह्या म्हाताऱ्यानं?"

"व्हय गो जाऊबाय, माझं पण सगळं लुगडं भिजवलं!"

"मुद्दाम केलं!"

"मुद्दामच! दात काढतायत बघा!"

आणि मग दोघी गप्प झाल्या. पॅनलच्या या टोकाला थोरलीचं तोंड, त्या टोकाला धाकटीचं, दोघींच्या नाकावरनं पाणी गळत होतं. काय झालं ते त्यांना माझ्या आधी कळलं. मी पाईप हातात धरून उभा, पाणी पायावर पडत होतं. ह्या आता आपापसात बोलायला लागल्या तर माझं काय काम राहिलं?

थोरलीनं तोंड पुसलं. केस मागं घेतले. माझ्याकडं बघून, चांगलं मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, तिला सांगा, मी तिच्याशी बोलले न्हाय."

"भाऊजी, त्यांना सांगा, मी पण न्हाय."

मी पाईप खाली ठेवला आणि आधी धाकटीकडं वळलो. सांगितलं. थोडं पदरचं घालून सांगितलं.